लिस्बनला गेलो दोघं

लिस्बनमध्ये सपाट जागा नाही, हे मला तिथे उतरल्यावर पहिल्या तासाभरात कळलं. डोंगर मस्कतलाही आहेत. पण मस्कतचे डोंगर आपापल्या जागी गप्प उभे असतात आणि माणसं खालून गाडीत बसून जातात. लिस्बनची माणसं डोंगरावरच घरं बांधून राहिली आहेत आणि सगळा दिवस चढत-उतरत असतात. सत्तरीच्या बायका हातात भाजीची पिशवी घेऊन पायऱ्या चढतात, मध्येच थांबून वरच्या खिडकीतल्या बाईशी गप्पा मारतात आणि पुन्हा चढू लागतात. मी त्यांच्या मागून धापा टाकत जायची आणि सायमन माझ्या मागून बॅगा ओढत.

आम्ही दोघं मूळचे वसईचे. आता मस्कतला राहतो. सायमन तिथल्या कुरुम भागातल्या एका हॉटेलात लाँड्रीचा प्रमुख आहे. मी रुवीतल्या फ्लॅटमध्ये शिवणकाम करते. ब्लाउज, शाळेचे युनिफॉर्म, चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनसाठी मुलींचे पांढरे फ्रॉक. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, आणि सुट्टी म्हणजे वसई हे इतक्या वर्षांत ठरूनच गेलं होतं. वसईला एक लग्न, एक बाप्तिस्मा, गळणारं छप्पर आणि सासूबाईंचे गुडघे, एवढ्यात सुट्टी संपते. दोघांनी मिळून नुसतं फिरायला म्हणून कुठे गेलोच नव्हतो.

लिस्बन निघालं ते सायमनच्या हॉटेलातल्या शेफमुळे. फर्नांदो नावाचा हा पोर्तुगीज शेफ आपले डाग पडलेले कोट घेऊन रोज लाँड्रीत यायचा आणि सायमनचं आडनाव लोपीस आहे यावर रोज नव्यानं खूश व्हायचा. "लोपीस असून लिस्बन पाहिलं नाही?" असं त्यानं इतक्या वेळा विचारलं की शेवटी सायमनला ते खरंच चुकल्यासारखं वाटू लागलं. फर्नांदोची मावशी तिथे दोन खोल्या भाड्यानं द्यायची. दोन हजार तीनच्या सप्टेंबरात आमचं ठरलं.

आमची शेरॉन तेव्हा बारा वर्षांची होती आणि तिची सहामाही परीक्षा जवळ आली होती. तिला आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या नसीमाभाभींकडे ठेवायचं ठरलं. नसीमाभाभी रत्नागिरीकडच्या. त्यांचे मिस्टर मत्रहच्या बाजारात एका जुन्या भारतीय पेढीवर कामाला. मी दहादा विचारलं, जमेल ना, त्रास होणार नाही ना, तेव्हा त्या वैतागल्या. "जा गो तू! पोरगी काय माजी नाय?" मग मी गेले.

अल्फामा

फर्नांदोच्या मावशीचं नाव दोना अमेलिया. काळा स्कर्ट, काळं स्वेटर, पायात लोकरी सपाता. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण काळे कपडे तिनं सोडले नव्हते. तिला इंग्रजी थोडं येत होतं आणि जे येत नव्हतं ते ती मोठ्या आवाजात पोर्तुगीजमध्ये सांगायची. घर अल्फामा नावाच्या जुन्या वस्तीत होतं. तिथल्या गल्ल्या इतक्या अरुंद की समोरासमोरच्या दोन खिडक्यांतून बायका एकमेकींना मिठाचा डबा देऊ शकतील. एकदा मी तसं देताना पाहिलंही, फक्त ते लिंबू होतं.

युरोप म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर चॉकलेटच्या डब्यावरचं चित्र होतं. इथे पहिल्यांदा दिसले ते वाळत घातलेले कपडे. प्रत्येक खिडकीखाली दोरी, दोरीवर चादरी, बनियनी, लंगोटसुद्धा. खाली पर्यटक फोटो काढतायत आणि वर कुणाच्या तरी आजोबांचा पायजमा. मस्कतमध्ये बाल्कनीत कपडे दिसले तर नगरपालिकेचा माणूस येऊन बजावून जातो. सायमन मान वर करून धंदेवाईक नजरेनं बघत राहिला.

"पांढरा पांढराच ठेवलाय यांनी," तो म्हणाला. "नीळ जास्त नाही. आणि चादर दुमडून नाही घातली, कडेनं चिमटे लावलेत. बरोबर आहे."

"सुट्टीवर आहेस तू," मी म्हटलं.

"म्हणून तर फुकट बघतोय."

पहिल्या संध्याकाळी दोना अमेलियानं आम्हांला स्वयंपाकघरात बसवलं. कोपऱ्यात एक बादली होती, तिच्यात खारवलेल्या सुक्या माशाचे फळीएवढे तुकडे भिजत पडले होते. वास ओळखीचा होता. आमच्याकडे बोंबील, मत्रहच्या मासळीबाजारात सुकवलेली मुशी, तसाच हा. बादलीला ती 'बाल्द' म्हणाली. चावीला 'शाव्ह', पावाला 'पांव', बटाट्याला तर 'बताता'च. सायमननं हे पहिल्यापासून जमवायला घेतलं आणि प्रत्येक ओळखीच्या शब्दाला तो टाळी वाजवायचा. दोना अमेलियाला वाटलं, हा गृहस्थ बटाट्यावर फारच प्रेम करतो. तिनं त्याला आणखी वाढला.

मग तिनं विचारलं, आमची नावं अशी कशी. मी याच प्रश्नाची वाट बघत होते. वसईच्या किल्ल्यात लहानपणापासून फिरलेली मी. त्या पडक्या चर्चांतल्या शिळांवर पोर्तुगीज अक्षरं आहेत, आमच्या आजीच्या तोंडी त्यांचे शब्द होते. मी म्हटलं, आम्ही बसाईंचे. वसईला ते बसाईं म्हणत, हे मला शाळेपासून माहीत होतं.

दोना अमेलियानं विचार केला. "गोवा?" तिनं विचारलं.

"गोवा नाही. बसाईं."

तिनं नम्रपणे मान हलवली. नाव तिनं कधीच ऐकलं नव्हतं. आमच्याकडे दर शाळकरी पोराला पोर्तुगीज ठाऊक आहेत, त्यांचे किल्ले, त्यांचा पराभव, सगळं. आणि इथे त्यांच्या राजधानीतल्या एका स्वयंपाकघरात आम्ही कुणाच्या लक्षातही नव्हतो. मला थोडं वाईट वाटलं आणि थोडं हसूही आलं. मग मासा पानात आला. बटाटा, कांदा, अंडं आणि ऑलिव्हचं तेल घालून केलेला. मिरची नाही, हळद नाही, तरी चव होती. सायमननं खिशातून लोणच्याची पुडी काढली, ती मी टेबलाखालून परत त्याच्या खिशात घातली.

बायशा

टेकड्यांच्या मधोमध एक सखल भाग आहे, त्याला बायशा म्हणतात. लिस्बनमधला सपाट म्हणण्याजोगा तेवढाच तुकडा. तिथे एका रस्त्यावर ओळीनं शिवणसामानाची दुकानं लागली आणि मी सायमनला म्हटलं, "तू जाऊन कॉफी पी, मला वेळ लागेल."

दुकान लाकडी, छतापर्यंत खण, प्रत्येक खणावर आत असलेलं बटण शिवून ठेवलेलं. म्हातारा मालक पांढऱ्या कोटात, डॉक्टरसारखा. मी लेसकडे बोट दाखवलं, सॅटिनच्या पट्टीकडे दाखवलं. तो म्हणाला, "फीता." मी म्हटलं, "फीत." आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मग मला आठवेना अजून काय विचारावं, म्हणून माझ्याच शर्टाच्या काजावर बोट ठेवलं. तो म्हणाला, "काझा." वीस वर्षं मी काजं करते आहे आणि तो शब्द कुठून आला हे मला माहीत नव्हतं. मी त्याला सांगायचा प्रयत्न केला की आमच्याकडे काज म्हणतात. त्यानं मान डोलावली आणि मला पुन्हा फीत दाखवली. कम्युनियनच्या फ्रॉकसाठी मी बरीच घेतली.

बाहेर सायमन उभा होता. समोर दगडी पायऱ्यांवर एक तरुण जोडपं चुंबन घेत होतं आणि तो अतिशय मन लावून दुकानाची पाटी वाचत होता. मस्कतमध्ये आम्ही रस्त्यानं चालतो ते तो पुढे, मी मागे. कुणी सांगितलेलं नाही, पण मत्रहच्या बाजारातल्या बोळांत दोघं शेजारी मावतही नाहीत आणि हात धरायचा तर प्रश्नच नसतो. ती सवय आम्ही लिस्बनलाही घेऊन आलो होतो. एवढ्या रुंद रस्त्यावर आम्ही एकामागे एक चाललो होतो.

दुपारी एका गल्लीत कोळशावर तारली भाजत होते. अख्खी तारली, वर जाड मीठ, पावाच्या तुकड्यावर ठेवून हातानं खायची. काटे काढता काढता माझं लक्ष आजूबाजूला गेलं. लोक जेवायला वेळ लावतात. बायका-पुरुष एका टेबलावर वाइन घेऊन बसलेले आणि कुणालाच कुठे जायची घाई नाही. सायमननंही एक ग्लास मागवला. भर दुपारी उघड्या रस्त्यावर, मस्कतमध्ये लागतो त्या परवान्याशिवाय. पहिला घोट घेण्याआधी त्यानं इकडेतिकडे पाहिलं. मी म्हटलं, "कोण बघणार आहे?" तो म्हणाला, "सवय गं."

ट्राम

लिस्बनच्या पिवळ्या ट्रामबद्दल फर्नांदोनं आम्हांला इतकं सांगितलं होतं की ती चुकवणं शक्यच नव्हतं. एक लाकडी डबा, आत तिखटासारखी ठासून भरलेली माणसं, आणि तो डबा घरांच्या भिंतींना घासेल की काय अशा बेतानं चढ चढतो. सकाळी आम्ही बँकेत पैसे बदलायला गेलो होतो. तिथे सायमनचा पासपोर्ट मागितला, तो त्यानं परत घेऊन शर्टाच्या आतल्या खिशात टाकला. माझा माझ्या पर्समध्ये होता.

ट्राममध्ये मला खिडकीजवळ उभं राहायला मिळालं. समोरच्या भिंतींवर निळ्या-पांढऱ्या फरशा, एका दारात बसलेलं मांजर, मध्येच दोन घरांच्या फटीतून नदी. ती नदी समुद्राएवढी दिसते. मी ते सगळं बघत होते. कुणी धक्का दिला की मी थोडी सरकून घेत होते. वर टेकडीवर उतरलो. तिथून खालची सगळी लाल छपरं दिसतात. सायमन म्हणाला, "फोटो काढतो, पर्स बाजूला घे." मी पर्स बाजूला घेतली आणि तिचं पोट उघडं होतं.

पाकीट नव्हतं. पासपोर्ट नव्हता. चामडं ब्लेडनं कापलेलं होतं, शिवणीच्या अगदी लगत, सरळ. मी कित्येक वर्षं कापड कापते आहे, असा काप मला पट्टी लावल्याशिवाय जमत नाही. तेव्हा मला पहिल्यांदा हेच सुचलं.

सायमन ओरडला नाही. त्यानं हळू आवाजात विचारलं, "व्हिसा त्याच्यावर होता ना?"

होता. मस्कतमध्ये राहायचा माझा शिक्का त्या पासपोर्टात होता. तो पासपोर्ट नाही म्हणजे मला मस्कतच्या विमानात कुणी बसवणार नव्हतं. आणि मस्कतमध्ये शेरॉन होती.

"मी सकाळी म्हणालो होतो, खोलीवर ठेव," तो म्हणाला.

"नाही म्हणालास."

"मनात म्हणालो होतो."

त्या छपरांकडे पाठ करून आम्ही तिथेच कठड्यावर भांडलो. तो मला बोलला, मी त्याला, आणि त्याच्या फर्नांदोला. आजूबाजूला माणसं फोटो काढत होती. मराठी कुणाला कळत नव्हतं याचं तेवढं बरं वाटलं.

पोलीस चौकीतला मुलगा अगदी सभ्य होता. त्यानं आमची हकिगत लिहून घेतली आणि सांगितलं की चोर पैसे काढून घेतात आणि बाकीचं टाकून देतात, कधी कधी सापडतं. दोना अमेलियानं कापलेली पर्स हातात घेऊन बराच वेळ त्या चोराच्या आईविषयी काहीतरी म्हटलं. मग तिनं मला जवळजवळ ओढतच खाली नेलं, संत अंतोनीच्या देवळात.

आमच्या वसईत काही हरवलं की संत अंतोनीचा धावा करतात. चावी हरवली, कोंबडी हरवली, तरी त्याचाच. तो इथला, लिस्बनचाच. त्याच्या जन्माच्या जागेवर ते देऊळ आहे. तळघरात पायऱ्या उतरून जायचं आणि जिथे तो जन्मला म्हणतात तिथे एक दिवा आहे. मी गुडघे टेकले. सायमन मागे उभा राहिला.

"इथलाच आहे ना तो?" तो बाहेर येऊन म्हणाला. "मग चोर त्याच्या ओळखीचा असणार."

दोना अमेलियाला मी ते इंग्रजीत सांगितलं. ती हसली नाही. "अंतोनी सगळं शोधून देतो," ती म्हणाली. "पण त्याला हवं तेव्हा. आणि त्याला हवं तेवढंच."

दुसऱ्या दिवशी चौकीतून तिच्या घरी फोन आला. माझं पाकीट ट्रामच्या शेवटच्या थांब्याजवळ कचऱ्याच्या डब्यात मिळालं होतं. आत माझी जपमाळ होती, शेरॉनचा फोटो होता, सुईदोऱ्याची डबी होती. पासपोर्ट नव्हता.

वकिलात

आपल्या वकिलातीतले अधिकारी वयस्क बंगाली गृहस्थ होते. त्यांनी आधी आम्हांला चहा दिला. लिस्बनमध्ये दूध-साखरेचा तसला चहा मला पहिल्यांदा मिळाला आणि तो पिताना मला रडू आलं. पासपोर्ट हरवला, पर्स कापली, तेव्हा आलं नव्हतं. त्यांनी कागद पाहिले आणि समजावून सांगितलं. नवा पासपोर्ट इथे होईल, पण त्याला किती आठवडे लागतील ते सांगता येत नाही. लगेच देता येईल तो एक तात्पुरता दाखला, आणि तो एकाच प्रवासापुरता. भारतात जाण्यापुरता.

"पण घर मस्कतला आहे," मी म्हटलं. "मुलगी तिथे आहे."

"मॅडम, घर तो आपका इंडिया में है ना," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. कागदावर ते खरंच होतं. कायमचा पत्ता, वसई.

त्या संध्याकाळी टेलिफोनच्या दुकानातून आम्ही रुवीला फोन लावला. नसीमाभाभींनी उचलला. सायमननं त्यांना सगळं सांगितलं आणि पलीकडून इतक्या जोरात "या अल्ला!" आलं की दुकानातल्या आफ्रिकन माणसानं मागे वळून पाहिलं. मग शेरॉन आली.

"ममा, तू कधी येणार?" ती बहुतेक इंग्रजीतच बोलते, पण घाबरली की मराठीत येते.

"थोडा वेळ लागेल, राजा."

"किती थोडा?"

मी म्हटलं, "डॅडी येतोय."

सायमनचा बेत वेगळा होता. तो माझ्याबरोबर मुंबईला यायचं म्हणत होता. मी एकटी कशी जाणार, नव्या पासपोर्टाच्या रांगेत कोण उभं राहणार, वगैरे. दोना अमेलियाच्या पायऱ्यांवर बसून आम्ही ते बोललो. त्याच्या रजेचे चार दिवस उरले होते. त्याची नोकरी गेली असती तर माझा व्हिसाच काय, तिघांचंही मस्कत संपलं असतं. आणि शेरॉन परीक्षेच्या दिवसांत परक्या घरी. परकं नव्हतं ते घर, पण तरी.

"तू जा," मी म्हटलं. "शेरॉनकडे."

"आणि तू?"

"मला वसई ठाऊक आहे."

समोरच्या खिडकीतल्या बाईनं दोरीवरचे कपडे ओढून आत घेतले. मग तो म्हणाला, "बरं."

बेलें

दाखला मिळायला मध्ये दोन दिवस गेले. ते दोन दिवस खोलीत बसून काय करणार, म्हणून आम्ही बेलेंला गेलो. नदीच्या तोंडाशी आहे ते. इथूनच त्यांची जहाजं आमच्याकडे निघाली. काठावर एक बुरूज आहे, पांढऱ्या दगडाचा, नक्षीचा, लहानसा. मस्कतच्या बंदरावर जे दोन किल्ले आहेत तेही पोर्तुगिजांचेच, पण ते खडकासारखे दणकट, राकट. हा त्यांच्यापुढे केकसारखा वाटतो. दुसऱ्यांच्या दारात उभे केले ते लढायचे किल्ले, आणि आपल्या दारात हा असा, कडेला दगडी दोरखंड कोरलेला. माझ्या हातून तसली कड मशीनवरही उतरणार नाही.

जवळच मोठा मठ आहे आणि त्यात वास्को द गामाची कबर. दगडाचा माणूस हात जोडून झोपलेला. शाळेतल्या धड्यात तो कालिकतला उतरतो, त्यामुळे तो आमच्याकडचाच असावा असं मला कायम वाटत आलं होतं. इथे तो घरी होता.

बाहेर दुकानात गरम गरम कस्टर्डच्या वाट्या मिळतात, पापुद्र्याच्या, वर दालचिनीची पूड. आम्ही चार घेतल्या, मग आणखी दोन. सायमनच्या मिशीला साखर लागली होती. चालताना मला जाणवलं की तो आता पुढे नाही, शेजारी आहे. चोरीपासून त्यानं माझं मनगट आणि पर्सचा पट्टा एकाच मुठीत पकडला होता. बायकोचा हात धरलाय की पर्स, हे बघणाऱ्याला कळलं नसतं. मलाही नक्की कळत नव्हतं. आम्ही तसेच नदीकाठानं बरंच लांब गेलो. चौदा वर्षांत आम्ही इतकं शेजारी चाललो नव्हतो, हे त्यानंही मोजलं असेल का, मी विचारलं नाही.

त्याचं विमान सकाळी होतं, माझं दुपारी. दोना अमेलियानं दोघांना वेगवेगळ्या पुड्यांत पाव आणि चीज बांधून दिलं. विमानतळावर मी त्याला सूचना देत राहिले. फ्रीझरमधला डावीकडचा डबा मटणाचा, उजवीकडचा माशाचा. शेरॉनला गणितात त्रास आहे, टीचरला भेट. गॅसचा सिलिंडर संपत आलाय. तो "हो, हो" म्हणत होता आणि त्याला यातलं काही आठवणार नाही हे दोघांनाही माहीत होतं. त्याच्या रांगेतली माणसं पुढे सरकली. त्यानं इकडेतिकडे पाहिलं नाही. सगळ्यांसमोर मला जवळ घेतलं, पटकन, आणि गेला.

वसई

वसईत मी भावाकडे उतरले. गावात सगळ्यांना वाटलं मी लिस्बनहून खूप काही घेऊन आले असणार. माझ्याकडे फीत होती. ज्यांनी विचारलं त्यांना मी शहराचं वर्णन सांगितलं, टेकड्या, ट्राम, तारली, अंतोनीचं देऊळ. मग सगळे चोरीवर यायचे, आणि मग प्रत्येकाच्या स्वतःच्या चोरीवर.

नवा पासपोर्ट यायला वेळ लागला. पोलीस चौकशीसाठी हवालदार आला तेव्हा मी घरी नव्हते, तो पुन्हा यायला आणखी आठवडे. मग मस्कतचं काम सुरू झालं. सायमनच्या हॉटेलचा सरकारी कामं बघणारा ओमानी माणूस, सालेम, दर फोनला सांगायचा, "इन्शाल्ला, मदाम, बुक्रा." बुक्रा म्हणजे उद्या. तो खोटं बोलत नव्हता, रोज खेपा घालत होता. पण उद्या काही येईना. ख्रिसमस मी वसईत केला. शेरॉननं फोनवर सांगितलं की नसीमाभाभींनी त्यांच्यासाठी नारळाची बर्फी केली आणि डॅडीनं स्वतः कागदाचा तारा लावला, वाकडा. परीक्षेत तिला गणितात बरे मार्क पडले होते. मला ते ऐकून आनंद झाला, आणि ते माझ्याशिवाय झालं हेही लागलं.

जानेवारीच्या अखेरीस व्हिसा आला. नव्या पासपोर्टाची पानं कोरी होती. लिस्बनला मी गेले होते याचा त्यात कुठे मागमूस नव्हता.

रुवी

मस्कतच्या सीब विमानतळावर दोघं आले होते. शेरॉन पळत आली नाही. आता ती पळत यायच्या वयाची नाही, हे मला तिथेच कळलं. जवळ आली, माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि तसंच ठेवलं. मागे सायमन ट्रॉली धरून उभा होता, मिशी बारीक केलेला.

घरी नसीमाभाभी मटण घेऊन बसल्या होत्या. "आली गो बाय माजी," म्हणाल्या आणि डोळे पुसून लगेच पानं घ्यायला लागल्या. मी स्वयंपाकघरात गेले. मिठाची बरणी घ्यायला हात लांब केला तर तिथे चहापत्ती होती.

"ममा, ते तिथे नाही," शेरॉन म्हणाली. "आम्ही आता इकडे ठेवतो."

तिनं दुसऱ्या कपाटातून बरणी काढून दिली. मग तिनं कुकर लावला, किती पाणी ते डोळ्यांनीच मापून. सायमननं ताटं पुसली. दोघांचं न बोलता चाललं होतं, एकाला दुसऱ्याची अडचण होत नव्हती. मी दाराशी उभी राहून बघत होते. मग नसीमाभाभींनी मला खुर्चीवर बसवलं, पाहुणीसारखं.

सकाळी शेरॉन युनिफॉर्म घालून बाहेर आली. स्कर्ट गुडघ्यांच्या बराच वर गेला होता.

"हे असं शाळेत जातेस? टीचर बोलली नाही?"

"बोलली. डॅडी म्हणाला, ममा येऊ दे."

"नसीमाभाभींनी करून दिलं असतं."

"त्या म्हणाल्या होत्या." ती थांबली, शब्द शोधत. "मी नाही दिला."

मी तिला स्कर्ट बदलून यायला सांगितलं, मशीनवरचं कापड काढलं आणि खालची दुमड उसवायला घेतली. ब्लेडनं दोन टाके काढल्यावर लक्षात आलं, एप्रिलमध्ये शाळा सुरू होताना मी ती आधीच उसवून खाली सोडली होती. आत आता जेमतेम बोटभर पट्टी उरली होती. कितीही ओढलं तरी गुडघ्यापर्यंत पोचली नसती.

शेरॉन माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. "खलास?" तिनं विचारलं.

"खलास," मी म्हटलं. "नवीनच शिवावा लागेल."

खाली बसचा हॉर्न वाजला. सायमन म्हणाला, जाऊ दे बस, मी सोडतो तिला. मी गळ्यात टेप अडकवला, तिला खिडकीजवळ उजेडात उभं केलं, ताठ राहा म्हटलं, आणि कमरेपासून तिचं माप घ्यायला सुरुवात केली.